माटोळीचा दोर, मांडवीचा पूल

५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला. पूल जुना नव्हता; बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. काँक्रीटच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारा खाऱ्या, दमट हवेत गंजत गेल्या, हे त्यामागचे प्रमुख कारण म्हणून पुढे अभियंत्यांच्या चर्चेत सतत सांगितले गेले. पुलावरून रोज जाणाऱ्याला दिसत होते ते काँक्रीट. पूल खऱ्या अर्थाने धरून ठेवणारी वस्तू मात्र आत, डोळ्यांआड होती. त्यानंतर नवा पूल उभा राहीपर्यंत कित्येक वर्षे बार्देश-पेडण्याच्या बाजूने पणजीला येणाऱ्या माणसाचा दिवस बेतीच्या फेरीबोटीच्या रांगेत सुरू होत असे. ज्यांनी ती रांग अनुभवली, ती पिढी आज आजी-आजोबांच्या वयाची आहे. त्यांच्या नातवंडांना मात्र तो पूल का पडला, हे शाळेत कोणी सांगत नाही.

सांगायचे ठरविले तर दोन कल्पना समजावून द्याव्या लागतील. एक, ताण, म्हणजे वस्तूला दोन्ही बाजूंनी ओढले असता तिच्या अंगात निर्माण होणारी ओढ. दुसरी, संमिश्र साहित्य. म्हणजे वेगवेगळ्या गुणांचे दोन किंवा अधिक पदार्थ असे एकत्र बांधणे की एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, आणि तरीही दोघांनी आपापले वेगळेपण टिकवून ठेवावे. साखर पाण्यात विरघळते, तसे हे मिश्रण नव्हे. सिमेंट काँक्रीटमधील सळी शेवटपर्यंत सळीच राहते. या दोन्ही व्याख्या फळ्यावर लिहून देता येतात आणि परीक्षेत जशाच्या तशा उतरवून गुणही मिळविता येतात. त्या मुलाला पूल कळलेला असतो असे मात्र नाही. ताण हा हाताला जाणवावा लागतो, आणि संमिश्र साहित्य समजायचे तर ते स्वतः घडवून, वजन टांगून, मोडून पाहावे लागते. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील शाळांना त्यासाठी लागणारे जवळजवळ सारे साहित्य आणि निम्मे कौशल्य गावातच उपलब्ध आहे, ही गोष्ट आजवर फारशी लक्षात घेतली गेलेली नाही.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर आठवून पाहावा. बांबूचा किंवा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर भाताचे गवत, वर वर्तमानपत्रांचे खळीत भिजवून चिकटविलेले थर, आणि सगळे आवळून धरणारी तार. पंधरा-सोळा वर्षांची मुले हा देह उभा करतात. तो पुढे झुकला तर मागून दोर बांधतात; उगारलेला हात लोंबू लागला की खांद्यापासून मनगटापर्यंत तार ताणतात. या मुलांना कोणी कॅन्टिलिव्हर हा शब्द शिकविलेला नसतो, पण एका टोकाला धरलेल्या आडव्या दांड्याची वरची बाजू ओढली जाते आणि खालची दाबली जाते, हे त्यांच्या हातांनी ओळखलेले असते. पहाटे नरकासुराचे दहन होते आणि त्याबरोबर या साऱ्या ज्ञानाचीही राख होते. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा त्या सांगाड्याचे चित्र कोणी वहीत काढायला सांगत नाही, तो किती वजनाचा होता, कुठे मोडला, हे विचारत नाही. आमच्या शिक्षणव्यवस्थेने असा आयता आलेला विद्यार्थी वर्षानुवर्षे परत पाठविला आहे.

चतुर्थीची माटोळी हे तर ताणाचे चालतेबोलते पाठ्यपुस्तकच आहे. लाकडी चौकट छताला टांगायची, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणे, काकड्या, रानातली फळे आणि वेली बांधायच्या. केवणीच्या सालीचे दोर अजूनही काही घरांतून वापरले जातात. समजा, सगळ्या फळाफुलांसह माटोळीचे वजन ४० किलो भरले आणि ती दोन दोरांवर तोललेली आहे. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर २० किलोचा भार येईल. हे कोणालाही सुचते. पण छताचे वासे दूर असल्याने दोर तिरपे बांधावे लागले तर? उभ्या रेषेपासून दोर ६० अंशांनी कलला की प्रत्येक दोरावरील ताण ४० किलोच्या भाराइतका होतो, म्हणजे अख्ख्या माटोळीचे वजन प्रत्येक दोर एकट्याने उचलल्यासारखे. तोच दोर जवळजवळ आडवा, म्हणजे उभ्या रेषेपासून ८० अंशांवर गेला, तर हा आकडा ११५ किलोच्या घरात पोहोचतो. फळ एकही वाढलेले नसते. वाढलेला असतो तो केवळ कोन.

वर्गात हे पाहण्यासाठी दोन स्प्रिंगचे तराजू आणि एक किलो तांदळाची पिशवी पुरते. पिशवी एका दोरीच्या मध्यभागी अडकवून दोन मुलांनी दोरीची दोन टोके तराजूंसह धरावीत आणि हळूहळू एकमेकांपासून दूर जावे. सुरुवातीला प्रत्येक तराजू अर्धा किलो दाखवील. मुले दूर जाऊ लागली की काटा चढतो. एक किलो, दीड किलो, दोन किलो. शेवटी वर्गातील सर्वांत दणकट मुलाला दोरी अगदी सरळ आडवी करून दाखवायला सांगावे. त्याला ते जमणार नाही, कारण पूर्ण आडव्या दोरीला खालच्या बाजूने ओढणारे वजन पेलण्यासाठी अमर्याद ताण लागेल. कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळली तरी ओल्या चादरीखाली ती वाकतेच, यामागचे गणित हेच. हा प्रयोग पंधरा मिनिटांचा आहे, आणि त्यानंतर अटल सेतूच्या किंवा नव्या जुवारी पुलाच्या तिरप्या केबलींकडे ते मूल पूर्वीसारखे पाहू शकत नाही. डिचोली-हळदोणे भागातील मुलांना तर तेवढे दूरही जावे लागत नाही. खोर्जुव्याचा केबलींवर तोललेला पूल त्यांच्या जवळच आहे. मनोऱ्यापासून दूर बांधलेली केबल अधिक आडवी का, आणि अधिक आडव्या केबलीला अधिक ताण का सोसावा लागतो, हा प्रश्न त्या पुलाखाली उभे राहून विचारावा.

ताण ऐकताही येतो. घुमटाचे भांडे भाजलेल्या मातीचे, आणि त्याच्या तोंडावर ताणून बसविलेले चामडे. पूर्वी ते घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात. चामडे सैल पडले की आवाज बसतो, उन्हात किंवा निखाऱ्याजवळ धरले की चढतो. आरतीच्या पथकातील पोराला हे शिकवावे लागत नाही. त्याला एवढेच विचारावे की, चामडे सतत आतल्या बाजूला ओढत असते तर भाजलेल्या मातीचा काठ फुटत का नाही? माती दाब उत्तम सोसते, ताण मुळीच सोसत नाही, आणि घुमटात तिच्या वाट्याला दाबच आलेला असतो. ज्या कुणी पहिल्यांदा हे वाद्य घडविले, त्याने प्रत्येक पदार्थाला त्याच्या स्वभावाला साजेसे काम वाटून दिले. संमिश्र साहित्याची कल्पना याहून वेगळी नाही.

मातीची पट्टी आणि भाताचे गवत

आता प्रत्यक्ष घडविण्याकडे वळू. पहिला प्रयोग मातीचा असावा. डिचोलीच्या कुंभारांनी आणि दोन्ही तालुक्यांतील गणपतीच्या चित्रशाळांनी चिकण मातीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. मळलेल्या मातीचा पोत कसा असावा, हे वर्गात येऊन सांगायला त्यांच्याहून योग्य माणूस नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविताना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांचा नावानिशी उल्लेख केला आहे. ती तरतूद कागदावर पडून राहू नये, एवढीच अपेक्षा.

लाकडाच्या साच्यात सारख्या मापाच्या पट्ट्या पाडाव्यात: लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी ५, जाडी ३. चार प्रकार करावेत. पहिल्यात नुसती माती. दुसऱ्यात भाताचे गवत बोटभर लांबीचे कापून सर्वत्र मिसळलेले. तिसऱ्यात बांबूच्या दोन बारीक कामट्या लांबीच्या दिशेने, पट्टीच्या तळापासून थोड्या वर ठेवलेल्या. चौथ्यातही त्याच दोन कामट्या, पण वरच्या पृष्ठभागाजवळ. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन पट्ट्या हव्यात, कारण एकाच पट्टीच्या मोडण्यावरून काही सिद्ध होत नाही. सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्याव्यात. पावसाळ्यात हे जमणार नाही. भाताची कापणी उरकून गवत हाताशी आलेले असते आणि हवाही कोरडी पडू लागलेली असते, असा दिवाळीनंतरचा काळच यासाठी योग्य.

चाचणी सोपी आहे. दोन विटा २४ सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर पट्टी आडवी ठेवायची, मध्यभागी सुतळीने बादली टांगायची आणि मापाने पाणी ओतत जायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळी वजने लागत नाहीत. नुसत्या मातीची पट्टी कसलीही सूचना न देता तुकडे होऊन पडते. गवत मिसळलेली पट्टी तडकते, पण लगेच पडत नाही. तडा गेल्यावरही गवताचे तंतू दोन्ही कडा धरून राहतात. तळाशी कामट्या असलेली पट्टी सर्वांत जास्त भार घेते. आणि खरा धडा आहे तो चौथ्या पट्टीत. तिच्यात तेवढ्याच कामट्या असूनही ती जवळजवळ नुसत्या मातीइतक्याच भाराला तडकते. मुले येथे थबकतात. त्यांना खोडरबराच्या बाजूवर पेनाने उभ्या समांतर रेघा ओढून तो वाकवून पाहायला सांगावे. वरच्या बाजूच्या रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या दूर जातात. वाकणाऱ्या पट्टीचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाब सोसायला माती समर्थ आहे, मदत हवी ती खाली. घराच्या तुळईत सळ्या खालच्या बाजूला का आणि बाल्कनीच्या छज्जात वरच्या बाजूला का, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात. बांधकामावर गवंडीकाम करणाऱ्या कितीतरी पालकांना हे उत्तर आधीपासून माहीत असते. त्यांनाही त्या दिवशी वर्गात बोलवावे.

कधी कधी तिसरी पट्टीही अपेक्षेहून लवकर हार मानते. तोडून पाहिले तर कामटी मातीतून सुळकन बाहेर येते. ओल्या मातीतले पाणी पिऊन बांबू फुगतो आणि वाळताना आकसतो, त्यामुळे त्याच्याभोवती बारीक पोकळी तयार होते. पकड गेली की साथ गेली. बांबूचे काँक्रीट करण्याच्या प्रयत्नांपुढची ही जुनीच अडचण आहे. यावर उपाय शोधायचे काम मुलांवर सोपवावे. कोणी कामटीला डिंक लावून वर वाळू चिकटवील, कोणी सुतळी गुंडाळील, कोणी तिला खाचा पाडील. नंतर त्यांच्या हातात बांधकामावरील सळीचा तुकडा ठेवावा आणि तिच्या अंगावरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवायला सांगावे. कारखान्याने तोच उपाय केलेला आहे. शिवाय लोखंड आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हा निसर्गाचा योगायोग. तो नसता तर उन्हाळ्यात ही जोडी आपोआप विलग झाली असती.

काँक्रीट दाबाला जेवढे बळकट, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढेच ते ताणाला टिकते. फ्रान्समधील जोसेफ मोनिए या माळ्याने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजच्या साऱ्या इमारतींचा एक पूर्वज असा कुंडीत सापडतो. पुढे १९२८ मध्ये युजेन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने आणखी एक पाऊल टाकले: पोलादाला भार येण्याची वाट न पाहता ते आधीच ताणून ठेवायचे, म्हणजे काँक्रीट कायम दाबाखाली राहील आणि त्याला तडा जायची संधीच मिळणार नाही. हे वर्गात दाखविणे अगदी सोपे आहे. लाकडाच्या आठ-दहा ठोकळ्यांना मधोमध भोक पाडून ते एका दोरीत ओवावेत. दोरी सैल असताना तो नुसता मणिहार असतो. दोरी घट्ट ओढून दोन्ही टोकांना आवळली की तीच माळ दोन बाकांवर पुलासारखी ठेवता येते आणि वर पुस्तकेही पेलते. मग शिक्षकांनी कात्री घेऊन दोरी कापावी. ठोकळे खाली आदळण्याचा आवाज झाल्यावर १९८६ सालच्या मांडवी पुलाविषयी बोलायला सुरुवात करावी. तेव्हा मुले ऐकतील.

कागद, खळ आणि फायबरची होडी

मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्यावर आता लाकडी होड्यांच्या जोडीला, कित्येक ठिकाणी त्यांच्या जागी, फायबरच्या होड्या दिसतात. काचेच्या तंतूंचे कापड आणि त्याला बांधून ठेवणारे रेझिन यांची ती बनलेली असते. काच ठिसूळ, हे सर्वांना ठाऊक. पण काचेचा केसाहूनही बारीक तंतू काढला तर तो पोलादाशी स्पर्धा करील इतका ताण सोसतो, हे गेल्या शतकाच्या विसाव्या दशकाच्या प्रारंभी ॲलन ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले. वस्तू मोडते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांपासून. तंतू जितका बारीक, तितकी मोठी चीर त्यात मावण्याची शक्यता कमी. तंतू बळ देतात, रेझिन त्यांना जागेवर धरते आणि एकाचा भार शेजाऱ्याकडे पोहोचविते. एक तंतू तुटला तरी दुसरे उभे असतात.

शाळेत मात्र काचतंतू आणि रेझिन आणू नये. रेझिन घट्ट करण्यासाठी मिसळले जाणारे रसायन डोळ्यांना घातक असते, वाफा त्रासदायक असतात आणि तंतूंचे कण अंगाला खाज आणतात. होडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या शेडमध्ये, सुरक्षित अंतरावरून मुलांनी हे काम पाहावे. करून पाहण्यासाठी नरकासुराचेच तंत्र उत्तम आहे: वर्तमानपत्राचा कागद आणि मैद्याची खळ.

आधी एक गंमत करून पाहावी. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर एका दिशेने ते सरळ पट्टीत फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. कागद यंत्रावर तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एकाच दिशेला वळलेले असतात, त्याचा हा परिणाम. म्हणून थर रचताना एक आडवा, एक उभा असे रचावेत, जसे प्लायवूडमध्ये रचतात. नारळाच्या झावळीच्या देठाशी असलेली जाळीदार साल हातात घेऊन पाहावी. तेथेही तंतू एकमेकांना तिरपे छेदून गेलेले असतात आणि वाऱ्यात हेलकावणारी जड झावळी ती धरून ठेवते. बांबूचे तुकडे कापून भिंगाखाली पाहिले तर तंतूंचे ठिपके सालीकडे दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ दिसतात. वाऱ्याने वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या कडेला येतो, आणि बळही तेथेच साठविलेले असते.

आठ थरांच्या कागदी पट्ट्या तीन प्रकारे कराव्यात: सगळे थर एकाच दिशेने, थर आलटूनपालटून, आणि मधल्या थरात काथ्याचे किंवा सुती दोऱ्याचे धागे ताणून. वाळल्यावर त्यांचे वजन करावे आणि मग मोडाव्यात. महत्त्वाचा आकडा आहे तो पट्टीने किती भार उचलला हा नव्हे, तर स्वतःच्या वजनाच्या किती पट उचलला हा. ज्या गटाने मजबुतीसाठी खळ भरपूर ओतली असेल, त्यांची पट्टी जड भरते पण तितकी बळकट ठरत नाही, कारण बळ तंतूंचे असते, खळीचे नसते. ज्यांनी खळ कंजूषपणे वापरली, त्यांचे थर सुटून वेगळे होतात. या दोन टोकांमधले प्रमाण शोधणे म्हणजेच संमिश्र साहित्याची अभियांत्रिकी. मोपा विमानतळावर उतरणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाच्या शेपटीचे पृष्ठभाग कार्बन तंतूंच्या संमिश्रातून बनवितात. बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे अर्धा वाटा अशा साहित्याचा आहे. गोव्यातही पिळर्ण औद्योगिक वसाहतीत किनेको कंपनी रेल्वेच्या डब्यांपासून अवकाशक्षेत्रापर्यंतच्या कामांसाठी संमिश्र साहित्याचे भाग घडविते. विमानतळामुळे आपल्या मुलांना रोजगार मिळणार, असे पेडण्यात सातत्याने बोलले जाते. तो सामान उचलण्याचा असावा की विमान दुरुस्तीचा, याचा निर्णय बऱ्याच अंशी आठवी-नववीच्या वर्गात होत असतो.

डिचोलीच्या मुलांसाठी आणखी एक उदाहरण घरच्या व्यवसायातले आहे. खाणींवर खनिज वाहून नेणारा लांबच लांब पट्टा नुसत्या रबराचा असता तर पहिल्याच दिवशी ताणून लोंबला असता. त्याच्या पोटात कापडाचे थर किंवा पोलादी दोऱ्या असतात. ओढ त्या सोसतात, खनिजाचे घाव रबर सोसते. ट्रकच्या टायरची रचनाही याच जातीची. ज्या घरांत खाणबंदीच्या काळात ट्रक अंगणात उभे राहिले, तेथील मुलांनी झिजलेल्या टायरमधून बाहेर डोकावणारे धागे नक्कीच पाहिलेले असतील. असा एक निकामी तुकडा शाळेत आणून ठेवणे हा फुकटचा पाठ आहे.

एवढे झाल्यावर मुलांना एकच आव्हान द्यावे. एक मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन बाकांमध्ये पूल बांधायचा. साहित्य: बांबूच्या कामट्या, सुतळी, वर्तमानपत्र, खळ. पुलाचे वजन ३०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि त्याने मध्यभागी किमान पाच किलो उचलावेत. बांधण्यापूर्वी चित्र काढून त्यात कोणता भाग दाबला जाईल आणि कोणता ओढला जाईल, ते दोन वेगळ्या रंगांनी दाखवायचे. आणि पूल नेमका कुठे मोडेल, याचा अंदाज लिहून शिक्षकांकडे द्यायचा. ओढल्या जाणाऱ्या जागी कामटीऐवजी नुसती सुतळी चालते, हे ज्या गटाच्या ध्यानात येईल, त्याचे वजन एकदम उतरेल. मग पाणी ओतत, सर्वांसमोर, प्रत्येक पूल मोडेपर्यंत भार वाढवायचा. बादली जमिनीपासून वीतभरच वर असावी, जवळ उभ्या असलेल्यांनी पायात बूट आणि डोळ्यांवर साधा चष्मा तरी ठेवावा, आणि कामट्या तासण्याचे काम मोठ्या माणसाने करावे.

गुणदानाविषयी प्रस्तुत लेखकाचे मत ठाम आहे. सर्वाधिक भार पेलणाऱ्या पुलाला चषक देऊन विषय संपवू नये. पहिला पूल मोडल्यावर आठवड्याभराने त्याच गटाला दुसरा पूल बांधू द्यावा, आणि गुण द्यावेत ते अंदाज किती अचूक होता, मोडल्याचे कारण किती नेमके लिहिले आणि दुसऱ्या पुलात काय बदलले, यांवर. तालुका पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनांतून आपण वर्षानुवर्षे थर्माकोलची धरणे आणि रंगविलेले ज्वालामुखी पाहत आलो आहोत. त्यांतील एकही प्रतिकृती मोडून दाखविण्यासाठी बनविलेली नसते. किंबहुना तिला हात लावण्यास मनाई असते. बहुतेक वेळा ती पालकांनी किंवा बाजारातील कारागिराने केलेली असते, हे परीक्षकांनाही ठाऊक असते. मोडण्यासाठी बांधलेला पूल विकत आणता येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

साधनांचा प्रश्न उपस्थित केला जाईल. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभर टिंकरिंग लॅबसाठी प्रत्येक निवडक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची व्यवस्था केली, आणि गोवा सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग व रोबोटिक्स शाळांपर्यंत पोहोचले. या उपक्रमांना विरोध करण्याचे कारण नाही. पण रोबोटचा संच कंपनीकडून जुळवून येतो. त्याचा प्लास्टिकचा हात का मोडला, याचे उत्तर संचाच्या पुस्तिकेत नसते. वर वर्णिलेल्या साऱ्या प्रयोगांत तराजू आणि बादल्या वगळता विकत घेण्यासारखे फारसे काही नाही. उणीव आहे ती दोन सलग तासिकांची, आणि वर्गात चिखल झाला तरी चालेल असे म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांची. शिक्षकांना चाचण्यांची पद्धत समजावून घ्यायची असेल तर डिचोली तालुक्यात मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे, आणि दोन्ही तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील कार्यशाळेत सळी ताणून तोडणारे किंवा काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडणारे यंत्र चालताना एकदा जरी मुलांनी पाहिले, तरी बादलीत पाणी ओतण्याच्या आपल्या प्रयोगाचे नाते त्यांना कळेल.

वेळापत्रक आपल्या सणांनीच आखून ठेवलेले आहे. चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी दोरांचे कोन आणि तराजू. सुट्टीत घरच्या माटोळीचे दोर मोजून, त्यांचे कोन वहीत नोंदवून आणायचे. दिवाळीपूर्वी कागदाचे थर, म्हणजे तो अभ्यास त्याच महिन्यात नरकासुराच्या मुखवट्यावर उपयोगी पडेल. कापणीनंतर मातीच्या पट्ट्या, आणि वार्षिक परीक्षेचे वारे वाहू लागण्यापूर्वी, जानेवारीत, पुलांची दोन सत्रे. मोडलेले पूल फेकून देऊ नयेत. त्यांना दिनांक, वजन आणि मोडल्याची जागा लिहिलेली चिठ्ठी बांधून ते पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी कपाटात ठेवावेत.